गाणाऱ्याच्या पायाशी

मी मॉनिटर बोलतोय. वर्गातला नव्हे, स्टेजवरचा. वर्गातला मॉनिटर इतरांना गप्प बसवतो. मी गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवतो. गाण्याच्या कार्यक्रमात स्टेजच्या पुढच्या कडेला, गाणाऱ्याच्या पायाशी, तिरका कापलेला एक डबा तुम्ही पाहिला असेल. पाहिला नसेल तरी हरकत नाही, मला सवय आहे. बरेच जण मला पाय ठेवायची जागा समजतात.

मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून उभे असतात, त्यांचं सगळीकडे कौतुक होतं. माझं तोंड स्टेजकडे आणि पाठ लोकांकडे. गाणारा माणूस त्या मोठ्या स्पीकरांच्या मागे उभा असतो, त्यामुळे त्याला स्वतःचा आवाज धड ऐकू येत नाही. ऐकू आला नाही की तो जोर लावतो, आणि जोर लावला की सूर सुटतो. तसं होऊ नये म्हणून मी. एवढंच माझं काम, आणि सतरा वर्षं मी ते चोख केलंय. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण सध्या माझ्याविषयी भलतंच बोललं जातंय.

माझा जन्म एका सुताराच्या गाळ्यात झाला. तो प्लायवुड कापायचा आणि त्याची बायको डब्यावर करडं जाड कापड चिकटवायची. चिकटवताना तिचं तोंड चालूच. "कोपरा वाकडा गेलाय तुमचा. मी आहे म्हणून झाकून घेतेय," असं ती माझ्याबद्दल म्हणाल्याचं मला आठवतं. नंतर माझ्या आत कागदी पडदा बसवला. तो पडदा म्हणजे माझं तोंड. पण फार थोड्यांना ठाऊक आहे की तोच माझा कानही आहे. समोर कुणी बोललं, गायलं, की वायर असो वा नसो, तो पडदा हलतो आणि मला कळतं.

पहिला मालक साउंड भाड्याने देणारा होता. त्याच्या टेम्पोतून मी शाळांच्या, कंपन्यांच्या कार्यक्रमांना जायचो. तिथेच मला माणसांच्या खुणा कळायला लागल्या. गाता गाता बोलता येत नाही, म्हणून माणूस आधी आपल्या तोंडाकडे बोट दाखवतो आणि मग बोट वर करतो. म्हणजे, माझा आवाज मॉनिटरमध्ये वाढवा. बोट खाली केलं की कमी करा. एका समारंभात एक साहेब पाऊण तास भाषण करत होते आणि दर पाच मिनिटांनी बोट वर करत होते. त्यांना स्वतःचा आवाज फारच आवडला होता. समोरचे लोक मात्र जेवणाची वाट बघत होते.

पुढे त्या मालकाने धंदा बंद केला आणि मी एका क्लबात आलो. फर्निचरच्या दुकानाखाली तळघरात हा क्लब. जिना उतरला की उजवीकडे बार, मधोमध नको तिथे एक खांब, आणि टोकाला गुडघाभर उंचीचं स्टेज. दर शुक्रवारी इथे गावातले बँड येतात, स्वतःची गाणी स्वतः रचणारे. दिवसा कुणी बँकेत असतो, कुणी दवाखान्यात, कुणी अजून कॉलेजात. येताना ते घरून मोजून पाच पाच ओळखीची माणसं आणतात, आणि ती माणसं आपला बँड झाला की निघून जातात. हे मला त्यांच्याकडे पाठ असूनही कळतं, कारण खुर्च्या ओढल्या जातात.

क्लबात माझी गाठ पडली ती साउंडवाल्या काकांशी. त्यांना सगळे काकाच म्हणतात, मालकसुद्धा, जरी मालक त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. मागच्या भिंतीला काकांचं टेबल, त्यावर बटणांच्या रांगा असलेला जुना मिक्सर. खालच्या रांगेवर लोकांना ऐकू जाणारा आवाज ठरतो, वरच्या रांगेवर माझ्याकडे येणारा. कुठलं बटण कुणाचं हे लक्षात राहावं म्हणून काका पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहितात: गायक, गिटार, ड्रम. एक पट्टी खालच्या रांगेला, एक वरच्या रांगेला. प्रत्येक बँड वेगळ्या वायरींना जोडलेला असतो, म्हणून प्रत्येक बँडची जोडी वेगळी. संध्याकाळच्या तालमीतच सगळ्या जोड्या लिहून ते टेबलाच्या कडेला क्रमाने चिकटवून ठेवतात. बँड बदलला की आधीची जोडी काढायची, पुढची लावायची. अकरा वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती, आणि काका ते येईल त्याला ऐकवत.

यात एक गोम आहे. खालच्या रांगेत गडबड झाली तर काकांच्या कानाला लगेच कळतं. वरच्या रांगेतली गडबड त्यांना कळत नाही, कारण मी काय ऐकवतोय ते इतक्या लांबून ऐकू जात नाही. ते दोघांनाच कळतं, मला आणि गाणाऱ्याला.

त्या शुक्रवारी तीन बँड होते. पहिला कॉलेजातल्या मुलांचा, दुसरा एका बहीणभावाचा, तिसरा मोठा, स्वतःची पोस्टर छापून आणणारा. बहीणभावाला मी ओळखत होतो. ती गायची, धाकटा भाऊ गिटार वाजवायचा. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. दिवसभर पाण्याच्या कडेने ओरडून ओरडून तिच्या घशात गाठी झाल्या. ऑपरेशन झालं, तीन महिने ती पाटीवर लिहून बोलली, आणि वर्षभर गायली नाही. त्या वर्षात भावाला दोन बँडनी बोलावलं होतं. तो गेला नाही.

तालमीला ती लवकर आली. गळ्याभोवती ओढणी दोनदा गुंडाळलेली. काका वायरी बघायला स्टेजवर आले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "काका, आज मला माझा आवाज नीट ऐकू आला पाहिजे हं. जोर लावायचा नाहीये. डॉक्टर म्हणाले, गा, पण ओरडलीस तर पुन्हा गाठ धरेल. आणि पुन्हा झाली तर मग..."

"काळजी करू नकोस, पोरी. हा आहे ना," असं म्हणत काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पाचच गाणी आहेत," भाऊ म्हणाला. "काही वाटलं तर गळ्यावर हात ठेव. मी तिथल्या तिथे थांबतो."

तालीम सुरेख झाली. तिचा आवाज पहिल्या वायरीतून आला, गिटार चौथ्या वायरीतून, आणि मी दोन्ही मापात दिली. आधीपेक्षा तिचा आवाज थोडा खर्जात उतरला होता, पण सुराला पक्का. तिने डोळे मिटून दोन ओळी गायल्या आणि मग माझ्याकडे बघून हसली. माझ्याकडे बघून फारसं कुणी हसत नाही.

आठ वाजता कार्यक्रम सुरू व्हायचा, तर कॉलेजच्या मुलांचा ड्रमवालाच आला नव्हता. मालक जिन्यावर येरझारा घालत होते. सव्वाआठला ते म्हणाले, "काका, बहीणभावाला आधी चढवा. लोक कंटाळलेत."

टेबलाशी काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. मिक्सरवर मुलांची जोडी लावलेली होती. काकांनी खालची पट्टी काढून बहीणभावाची लावली. तेवढ्यात मालकांनी हाक मारली, "माईकचा स्टँड हलतोय बघा!" काका स्टँड घट्ट करायला धावले. वरची पट्टी बदलायची राहिली. त्या पट्टीवर पहिलं बटण गिटारचं होतं आणि चौथं गायकाचं. म्हणजे नेमकं उलटं, आणि काका बटणं त्या पट्टीवर वाचूनच फिरवत होते.

ताईने माईकवर "हॅलो" म्हणून पाहिलं. मोठ्या स्पीकरांतून तिचा आवाज घुमला. "येतोय," काका मागून ओरडले. "करा सुरू!"

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला मी हादरलो. माझ्यातून निघत होती ती नुसती गिटार. तिचा आवाज अगदी तळाशी, असून नसल्यासारखा. मी ताईकडे पाहिलं. तिची मान जराशी पुढे आली, जणू कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती ऐकायला बघतेय. पहिलं गाणं तिने अंदाजाने निभावलं. टाळ्या पडल्या, बेताच्याच.

दुसऱ्या गाण्यात तिने तोंडाकडे बोट दाखवून वर केलं. काकांनी लगबगीने 'गायक' लिहिलेलं बटण वाढवलं. माझ्यातून गिटार दुप्पट जोराने बाहेर पडली. ती दचकली. तिने पुन्हा बोट वर केलं. पुन्हा गिटार वाढली. मला वाटत होतं, कुणीतरी माझी वायर उपटावी. पण वायरीतून जे येतं ते बोलण्यावाचून मला गत्यंतर नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये ती माईकवर म्हणाली, "काका, मॉनिटरमध्ये माझा आवाज द्या ना, प्लीज."

काकांनी मागून हो म्हटलं आणि बटण फिरवलं.

"अजून थोडा?"

"अगं, आणखी किती वाढवू! कान फुटतील तुझे!" काका मागून म्हणाले, आणि लोक हसले.

तीही कशीबशी हसली. पण त्या हसण्यानंतर तिने आवाज मागणं सोडून दिलं. तिच्या चेहऱ्यावरून मला सरळ कळलं तिच्या मनात काय आलं ते. काका अनुभवी माणूस, ते देतायत म्हणजे आवाज येत असणारच. मला ऐकू येत नाही, म्हणजे माझ्या आवाजातच काही उरलं नाही. हे कळलं आणि मला फार भीती वाटली.

तिसऱ्या गाण्यात तिने एक शेवटचा उपाय केला. गिटारकडे बोट दाखवून खाली केलं. काकांनी 'गिटार' लिहिलेलं बटण अगदी बंद केलं. ते तिच्याच आवाजाचं बटण होतं. जो थोडा धागा होता तोही तुटला.

आता ती जोर लावायला लागली. गळ्याच्या दोन शिरा वर आल्या. ओढणी सुटून खांद्यावर आली होती. सूर वर सरकत होता, तिला ते जाणवत होतं, पण कुठे चुकतंय ते सापडत नव्हतं. भाऊ दोन हात लांब, आपल्या अॅम्पलिफायरसमोर उभा होता. त्याला स्वतःची गिटार छान ऐकू येत होती, त्यामुळे त्याला काही खटकलंच नाही. माझ्या पाठीमागे पहिल्या रांगेत एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "ही बेसूर होतेय का रे?" तो म्हणाला, "मगासपासून." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

चौथ्या गाण्याची चाल उंच चढते. तालमीत तिने तो चढ हलकेच घेतला होता. मी मनात म्हणत होतो, नको घेऊस, बाई, सोड ही ओळ. तिचा हात गळ्याकडे गेला. खांद्यापर्यंत गेला आणि परत खाली आला. भाऊ तारांकडे बघत होता. तिने श्वास घेतला. हात पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. एक वर्ष याच पोराने माझ्यासाठी थांबून काढलं, असं तिला वाटत असावं. तिने तो चढ घेतला, सगळा जीव ओतून, आणि ऐन टोकावर आवाज फाटला.

भावाने मान वर केली. ताईचे डोळे पाहिले आणि त्याचा हात तारांवर थबकला.  बारवर कुणीतरी बर्फ ओतत होता, तोसुद्धा थांबला.

"माफ करा," ती म्हणाली. आवाज घोगरा, त्यात निम्मी हवाच. "आज जमत नाहीये."

ती माझ्या अंगावरून पाय टाकून खाली उतरली आणि जिन्याने निघून गेली. भाऊ गिटार न पुसताच पेटीत कोंबून तिच्यामागे धावला. पाचवं गाणं तसंच राहिलं.

त्यानंतर कॉलेजची मुलं ड्रमवाल्याशिवायच चढली आणि तीनच गाण्यांत उतरली. मोठा बँड आला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या लोकांचं आपसात काही बिनसलं होतं, चौघे चार दिशांना तोंडं करून वाजवत होते. जाता जाता एक जण मालकांना म्हणाला, "साहेब, आजची संध्याकाळ वाया गेली बघा."

आवराआवर करताना काका वरची पट्टी हातात घेऊन स्टेजवर आले. मोठ्या बँडची नव्हे, मगाशी काढून टेबलाच्या कडेला डकवलेली मुलांची; बहीणभावाची वरची पट्टी कडेला तशीच राहिलेली त्यांना दिसली होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती वाचली. मग वायरींकडे पाहिलं. "एक... गिटार. चार... गायक," असं पुटपुटले आणि माझ्यावरच मटकन बसले.

"काय झालं होतं हो त्या मुलीला?" मालकांनी बारवरून विचारलं.

काकांनी पट्टीचा चुरगाळून बोळा केला आणि खिशात घातला. "मॉनिटर गेला," ते म्हणाले.

मी गेलो? मी! माझा पडदा धड, तार धड, वाकडा कोपरा सोडला तर अंगावर एक खोट नाही. आयुष्यात मी कधी कुणाला चुकीचं ऐकवलं नाही. जे दिलं ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या कपाळावर नवी चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं, 'खराब'. मला ओढत सामानाच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवलं. मला इतका राग आला होता की काकांचं तोंड बघू नये असं वाटत होतं. पण ते रोज समोरून जायचे, खाली मान घालून.

पाचव्या दिवशी दुपारी भाऊ आला. काका कोपरावर वायर गुंडाळत बसले होते. मालक बारपाशी ग्लास तपासत होते.

"काका, एक विचारायचं होतं. खरं सांगाल?"

"विचार की."

"ताई त्या दिवसापासून गात नाहीये. बोलतही नाही फारशी. डॉक्टरांनी बघितलं, थोडी सूज आहे, आठ दिवसांत उतरेल म्हणाले. पण ती म्हणते, डॉक्टरांना घसा दिसतो, सूर कुठे दिसतो? सूर गेलाय म्हणते. मला म्हणाली, तू आता दुसरा बँड बघ." तो थांबला. "तुम्ही इतक्या जणांना ऐकलंय. तिचा आवाज खरंच गेलाय का हो?"

वायर गुंडाळणारा हात थांबला. बारवर मालकांनी ग्लास खाली ठेवला आणि इकडे बघायला लागले. मी श्वास रोखून होतो, म्हणजे आमच्यात जे काही श्वास रोखणं असतं ते. बोला, काका. चूक सांगायची लाज वाटत असेल तर वाटू दे, पण त्या मुलीला हकनाक बेसूर ठरवू नका. मी तिला ऐकलंय. वायरीतून नाही, समोरून, हवेतून. त्या आवाजाला काहीही झालेलं नाही.

"तिचा आवाज ठणठणीत होता," काका म्हणाले.

"मग?"

काकांची नजर मालकांकडे गेली, तिथून माझ्यावर आली.

"हा डबा गेला होता. तिला तिचं काही ऐकूच येत नव्हतं. अशात कुणीही बेसूर होईल. मी तालमीत ऐकलीय ना तिला, पहिल्यापेक्षा गोड गातेय."

भाऊ माझ्याजवळ आला. कपाळावरचा शब्द वाचला. त्याने खाली बसून माझ्या कापडावर दोन्ही हात टेकले आणि फसकन हसला. मग फोन काढला.

"ताई, ऐक. डबा गेला होता! अगं मॉनिटर, पायाशी असतो तो. काका स्वतः सांगतायत, त्याच्यावर लिहिलंय पण, खराब म्हणून. नाही, नाही, तुझा नाही, डबा!" पलीकडून तिची बारीक गुणगुण ऐकू आली. मग तो एकदम ओरडला, "ए, आत्ता नको! डॉक्टर काय म्हणालेत? आठ दिवस थांब की जरा!"

माझा राग तिथल्या तिथे गेला. काकांवरचा पूर्ण नाही, पण बराचसा.

तर सध्या मी सामानाच्या खोलीत आहे. शेजारी मोडक्या खुर्च्या आहेत आणि एक टेबलफॅन आहे, तो खरोखरच बिघडलेला. पुढच्या महिन्यात ताईचा पुन्हा कार्यक्रम ठरलाय असं कानावर आलंय. तिच्यासाठी नवीन मॉनिटर आणलाय, आणि काका आता पट्ट्या दोनदा वाचतात, बोट ठेवून.

पण काल मालक दारात उभे राहून म्हणाले, "हा डबा एकदा लावून तरी बघू या. किरकोळ काही असेल तर मिस्त्री करून देईल." काका "बघू, बघू" म्हणून त्यांना बाहेर घेऊन गेले. रात्रभर मला चैन नव्हतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी त्या क्लबात गेलात, सामानाच्या खोलीत मी दिसलो, तर मला वायर लावू नका. मी धडधाकट आहे आणि वायर लावली की मी खरं तेच बोलणार. मी ठीक निघालो की कुणीतरी विचारेल, मग त्या दिवशी बिघडलं काय होतं? त्याचं उत्तर काका देतील की गप्प बसतील, याचा मला भरवसा नाही. तिला एकदा पाचही गाणी गाऊ द्या. तोवर मला खराबच राहू द्या.